रात्रभर विस्तव टिकवायचा तर जळण कुठलं घ्यायचं?

मागच्या डिसेंबरात आत्याचा फोन आला, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ बारा दिवसांचं. सोलापूर म्हणलं की बाहेरच्यांना फक्त ऊन आठवतं, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारावर उतरतो की ओ, आणि त्यात आत्याचं घर पत्र्याचं, दिवसा तवा अन् रात्री बर्फ. तिचा प्रश्न सरळ होता. "शेगडीत रात्रभर टिकंल असं जळण सांग बघू. मी लावते ती दोनच्या सुमाराला थंड पडतीय, परत उठून पेटवायला लागतंय. बाजेखाली ठेवायचीय."

मी म्हणलं, आत्या जळण सांगतो, पण बाजेखाली नको. मग जे व्हायचं तेच झालं, "आमची बाळंतपणं काय हवेवर झाली का रे" पासून सुरू. फोनवर नीट सांगता आलं नाही, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं, आणि तेच इथं लिहितोय, कारण वस्तीवर, बंबाला, गोठ्याजवळ, हे प्रश्न सगळीकडं आहेत आणि उत्तरं मात्र अर्धी माहीत असतात.

आधी लाकूड जळतं म्हणजे नक्की काय होतं ते बघू, कारण ते कळलं की कुठलं जळण घ्यायचं ते आपोआप कळतं. चुलीत ओलसर ढलपी घातल्यावर तिच्या मागच्या टोकाकडं बघा कधी. फेस येतो, सुंईऽऽ आवाज येतो, ते पाणी बाहेर पडत असतं. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असतं आणि ते सगळं उडून जाईपर्यंत तुमच्या विस्तवाची उष्णता त्यातच खर्च होते. पाणी गेलं की लाकडातनं वायू निघायला लागतात, आपल्याला जो जाळ दिसतो तो त्या वायूंचा. म्हणजे जाळ लाकडाला लागलेला नसतोच खरं तर, लाकडातनं निघालेल्या गॅसला लागलेला असतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्तच असा वायू होऊन जातो. मागं उरतो तो निखारा, म्हणजे जवळपास निव्वळ कार्बन, आणि तो जाळ न करता वरच्या वर, जेवढी हवा लागेल तेवढाच जळतो.

आता यातली मेख अशी की निखाऱ्याची हवा कमी केली की तो हळू जळतो, शहाण्यासारखा. पण जाळाची हवा कमी केली तर तो हळू जळत नाही, त्याचा धूर होतो. वायू निघत राहतात पण पेटत नाहीत, तेच काळं डांबर होऊन धुराड्याला, कौलाला, भिंतीला चिकटतं आणि उद्या परवा कधीतरी मोठा जाळ झाला की ते धुराड्यातलं डांबरच पेट घेतं. झोपायच्या आधी चुलीत मोठं ओलं लाकूड घालून दार लोटून टाकायचं ही जी पद्धत आहे ना, ती दोन्हीकडनं वाईट. रात्रभर टिकवायचा असतो तो निखारा. जाळ नाही.

मग निखारा कशाचा चांगला? आपल्याकडं जे मिळतं त्यातनंच बोलू.

तुराट्या, ज्वारीची धसकटं, विडीच्या पानांची कात्रणं (ज्यांच्या घरी बायका विड्या वळतात त्यांच्याकडं ही पोत्यानं असतात), ही सगळी पेटवायला एक नंबर पण टिकायला शून्य. भर्रकन पेटतं, भाकरी फुगेपर्यंत साथ देतं आणि संपतं, मागं मूठभर राख. बारीक काडीला हवा चारी बाजूंनी लागते त्यामुळं ती थांबतच नाही. उसाचं पाचट तर विचारूच नका, ते जळण नव्हेच, ते आग लावायचं साधन. पाचटाच्या कोपीत शेकोटी घेऊन बसणाऱ्या ऊसतोडवाल्यांना मी कितीदा सांगितलंय.

टिकायला जड लाकूड लागतं. बाभळीचा बुंधा, चिंचेचं ओंडकं. हातात घेतलं की कळतं, एवढ्याशा तुकड्याचं केवढं वजन. तेवढ्याच आकारात जास्त माल भरलेला, म्हणून निखारा घट्ट होतो आणि पटकन ढासळत नाही. माळावर, ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ पण जळणाला फार चांगली आहे, शेतकरी तिला शिव्या घालतात ते बरोबर आहे पण चुलीपुढं तिची तक्रार करता येत नाही. फक्त वाळलेली पाहिजे. वखारीतनं आणताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायचे, टण्ण असा कडक आवाज आला तर वाळलंय, बद्द आवाज आला तर अजून ओलंय. टोकाला चिरा पडलेल्या असल्या, साल सुटत असली तर बरं. फाडून, पावसाळा टाळून, सहा-आठ महिने वाऱ्याला ठेवलेलं असावं. आपल्या उन्हाळ्यात तर लाकूड असं वाळतं की काय सांगू, एवढा एक फायदा तरी त्या उन्हाचा.

आकड्यात सांगायचं तर वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ४ युनिट विजेइतकी उष्णता असते. तेच लाकूड ओलं असलं तर किलोमागं निम्म्यावर येतं. लोणारी कोळशात किलोला ८ युनिटांच्या आसपास. आता उघड्या चुलीत यातली बरीचशी इकडं तिकडं जाते, भांड्याला दहातला एखाद-दीड हिस्साच मिळतो, तो भाग वेगळा.

आणि आता गोवरी. गोवरीला लोक कमी लेखतात पण रात्रभर विस्तव धरायला तिच्यासारखं काही नाही, आणि यामागं कारण आहे. हुरड्याची आगटी बघितलीय ना? मंगळवेढ्याकडं, मोहोळकडं हुरड्याला गेलात तर खड्ड्यात गोवऱ्याच असतात, लाकूड नसतं. कारण लाकडाचा जाळ कणीस करपवतो अन् आतनं कच्चं ठेवतो, गोवरीची धग मात्र एकसारखी, मंद, तासन् तास. हे कसं होतं? लाकडात राख किलोला जेमतेम दहा-वीस ग्रॅम, गोवरीत मात्र वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही जास्त राख निघते. ती राख गळून पडत नाही, गोवरीच्याच आकारात तशीच उभी राहते, आणि आतल्या विस्तवावर आपोआप पांघरूण पडतं. हवा आत झिरपत झिरपत जाते. म्हणजे गोवरी स्वतःची राख स्वतःवर ओढून घेते. सकाळी वरून बघितलं तर पांढरीफटक गोवरी दिसते, काडीनं मोडली की आत लालबुंद. म्हणूनच लहान पोरांना सकाळी आगटीजवळ जाऊ देऊ नका, विझल्यासारखी दिसते आणि नसते.

आमची आजी विस्तव ठेवायची ते सांगतो, कारण तिनं काडेपेटी कशी महिन्याला एकच वापरली हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. शेवटची भाकरी उतरली की अर्धवट जळलेली लाकडं ओढून बाहेर, त्यांची तोंडं राखेत खुपसून विझवायची, पाणी मारायचं नाही कारण मग सकाळी ती पेटत नाहीत. मग चिमट्यानं सगळे निखारे चुलीच्या मागच्या कोपऱ्यात एकावर एक. पसरून ठेवले तर तासाभरात विझतात, एकत्र असले तर एकमेकांना ऊब देतात. त्यात एक गोवरी, अख्खी नाही, मोडून, आणि ती धुरायची थांबेपर्यंत आजी तिथंच भांडी घासत बसायची. धूर थांबला की वर दोन बोटं राख. चाळल्यासारखी बारीक आणि कोरडी राख पाहिजे, खड्यांची नको, ओली तर नकोच. सकाळी राख बाजूला केली की खाली इंगळ तयार, वर चार तुराट्या, फुंकणीनं दोन फुंका, झालं. ही पद्धत आजही तशीच्या तशी चालते, बंबालाही चालते.

पण आजीची चूल कुठं होती? परसात, तिन्ही बाजूंनी भिंत अन् चौथी बाजू उघडी. माणसं झोपायची माडीवर नाहीतर सोप्यात. हे सांगताना सगळे विसरतात, मीसुद्धा विसरायचो.

आता कोळशाकडं येतो, कारण आत्याच्या शेगडीत कोळसा होता. "कोळशाला धूर नाही म्हणून आत चालतो" असं तिनं सांगितलं आणि खरं सांगतो, हे वाक्य मी शंभर घरांत ऐकलंय. धूर नसतो ते बरोबर, कारण धूर करणारे वायू कोळसा पाडतानाच निघून गेलेत. पण कोळसा जळताना खालच्या थरात जो कार्बन डायऑक्साइड होतो तो वर येताना तापलेल्या कोळशातनंच येतो, आणि तिथं परत कार्बन उचलून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. शेगडी नीट धगधगत असली, वर भरपूर हवा असली तर तो तिथंच जळून जातो, कोळशावर त्या निळ्या निळ्या ज्योती नाचतात ना, त्या त्याच्याच. रात्री काय होतं, धग उतरते, वर राख येते, निळी ज्योत बंद होते, पण वायू निघायचा थांबत नाही. तो न जळता खोलीत येतो. म्हणजे शेगडी डोळ्याला जितकी शांत, तितकी तिच्याकडं जास्त संशयानं बघायला पाहिजे.

या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्याला चुरचुर नाही. रक्तातला लाल पदार्थ, हिमोग्लोबिन, ऑक्सिजनपेक्षा याला दोनशे पटीहून जास्त जोरानं धरतो. म्हणजे एसटीत सीटवर रुमाल टाकून बसलेला प्रवासी, उठतच नाही, ऑक्सिजन दारात उभा. मोकळ्या हवेत आलं तरी रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात.

थोडा हिशोब करू, मला हिशोबाशिवाय पटत नाही. १० बाय १० ची खोली, उंची ९ फूट. ९०० घनफूट, म्हणजे साधारण २५ हजार लिटर हवा. शेगडीत फक्त १०० ग्रॅम कोळसा जळला, ओंजळभर पण नाही. त्यातल्या कार्बनचा दहावा हिस्सा जरी मोनॉक्साइड झाला (आणि मंद शेगडीत एवढा सहज होतो) तरी १५-१६ लिटर वायू. खोली गच्च बंद धरली तर हवेच्या दर दहा लाख भागांत सहाशेच्या वर. चारशेला तास-दोन तासांत डोकं ठणकायला लागतं, आठशेला पाऊण तासात चक्कर-मळमळ आणि दोन तासांत माणूस बेशुद्ध. आणि आत्या रात्रीला किलोभर कोळसा घालत होती. पत्र्याच्या फटींनी वाचवलं म्हणायचं, ज्या फटींत ती रोज संध्याकाळी चिंध्या कोंबत होती.

बाळ मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं, त्याच्या रक्ताला हा वायू लवकर चढतो. बाजेखाली शेगडी म्हणजे निघेल तो वायू पहिल्यांदा कुणाकडं जाणार, सांगा.

माझा स्वतःचा किस्सा पण सांगतो. दहा-बारा वर्षं झाली, वस्तीवर ज्वारी राखायला गेलो होतो, खोपटात दोघं. घमेल्यात बाहेरचे निखारे भरून आत घेतले, दार लावलं, मस्त ऊब. मध्यरात्री जाग आली ती डोकं फुटतंय म्हणून, उठून बसलो तर पायात ताकदच नाही, पाय दुसऱ्याचेच असल्यासारखे. सोबतचा गडी हाक मारली तर हूं हूं करतोय. मला वाटलं रात्रीचं पिठलं बाधलं. दार उघडून बाहेर सरपटत गेलो, उलटी झाली, मग त्याला पायाला धरून ओढला. तासाभरानं थंडीत कुडकुडत बसलो होतो तेव्हा कुठं लक्षात आलं की पिठलं नव्हतं. या वायूची खोड हीच, की तो आधी माणसाची अक्कलच काढून घेतो, त्यामुळं दार उघडावं हे सुचायचीच पंचाईत. घरात सगळ्यांची एकदम डोकी दुखायला लागली आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, तर तो सर्दी-ताप समजू नका. सगळ्यांना आधी बाहेर काढायचं, मग १०८ ला फोन, आणि डॉक्टरांना सांगायचं की खोलीत शेगडी होती. हे सांगितलं नाही तर त्यांनाही चटकन कळत नाही. कोविडपासून घरोघरी ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे ना, त्याच्यावर तर अजिबात जाऊ नका, त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यातला फरक कळत नाही, माणूस बेशुद्ध पडायला आलेला असतो आणि मशीन ९८ दाखवतं.

शेगडीजवळ पाण्याचं पातेलं ठेवलं की बाधत नाही असं म्हणतात, तेही खोटं. हा वायू पाण्यात धड विरघळत नाही. कोपऱ्यात तुळस, कांदा कापून ठेवणं, सगळं त्याच रांगेतलं. खालची फट उघडी ठेवली की वायू खालनं निघून जातो हेही नाही, कारण तो हवेपेक्षा जड नाही, जवळपास हवेइतकाच असतो, सगळ्या खोलीत मिसळतो.

धुराडं असलं तर? मग बरंच बरं, पण एक गोष्ट. धुराडं ओढतं ते आतली हवा गरम असते म्हणून. पहाटे निखारा मंद झाला की धुराडं थंड होतं, ओढ कमी होते, वरनं वारा आला तर उलटं आत फेकतं. त्यामुळं धुराड्याची झडप रात्री पूर्ण बंद करायची नाही, ऊब गेली तर जाऊ दे, आणि वर्षातनं एकदा तरी आतली काजळी झाडून काढायची.

बाकीच्या जळणांचं पटकन सांगतो. लाकडी भुशाची शेगडी, डब्यात मधे बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा आणि बाटली काढून घ्यायची, ती चार-सहा तास जळते, पूर्वी गिरणगावात फार घरांत होती, पण तिचाही शेवट धुमसतच होतो, तेव्हा अंगणात. रॉकेलचा स्टोव्ह रात्रभर, नाही. गॅस बारीक करून ठेवायचा, अजिबात नाही, वाऱ्यानं किंवा उतू गेलेल्या दुधानं ज्योत विझली की गॅस चालूच राहतो आणि तो हवेपेक्षा जड, खाली जमिनीवर पसरतो, जिथं माणसं अंथरूण टाकून झोपलेली. गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर आहे, लिहून ठेवा भिंतीवर. जुनी रंगवलेली दारं-खिडक्या, प्लायवूड, पॅकिंगच्या फळ्या फुकट मिळतात म्हणून घालू नका, रंगात आणि त्या डिंकात काय काय असतं. कारखान्यातल्या चिंध्या, सूत-कचरा पण नको, हल्ली सुतात पॉलिस्टर मिसळलेलं असतं, ते वितळून जळतं आणि घशात जाऊन बसतं.

आणि राख! सकाळी चुलीतली राख काढून प्लास्टिकच्या बादलीत किंवा उकिरड्यावर टाकतात, वारा सुटला की संपलं. राखेत झाकलेला इंगळ एक दिवस, कधी त्याहून जास्त जिवंत राहतो, आत्ताच तर वर सांगितलं की ती पद्धतच त्यासाठी आहे. राख पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि टाकायच्या आधी पाणी मारून. गंज पेटली की वर्षाची वैरण जाते.

तर आत्याकडं शेवटी काय केलं. शेगडी गेली अंगणात, आवळ्याच्या झाडाखाली. संध्याकाळी तिथंच कोळसा फुलवायचा, बाळंतिणीला शेकायचं तर दार-खिडकी उघडी ठेवून, जागेपणी, अर्धा तास, आणि शेगडी परत बाहेर. रात्रीसाठी तिच्यावरच पाणी तापवून रबरी पिशवीत भरायचं, पिशवी फडक्यात गुंडाळून अंथरुणात आधी घालून ठेवायची आणि बाळाला झोपवायच्या वेळी काढून घ्यायची. पत्र्याखाली जुन्या चादरी ताणून बांधल्या, छत केल्यासारखं, त्यानं फरक पडला तो शेगडीनं पण पडला नव्हता. सकाळच्या पाण्याला बंब, त्यात बाभळीचा एक बुंधा आणि मोडलेली गोवरी, वर राख, तोही बाहेरच.

आत्या आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग बारशाला गेलो तर पाहुण्या बायकांना तीच सांगत होती, "शेगडी आत नको बाई, कोळशाचा वायू चढतोय," आणि माझ्याकडं बघून, "ह्याला काय कळतंय, मला आधीपासनंच ठाऊक होतं."